माळ्यावर नाही, जमिनीखाली

दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यूंचा विषय निघाला की चर्चा ॲन फ्रँक जिथे लपली त्या ॲमस्टरडॅमच्या घराभोवतीच फिरते आणि 'कुणीतरी आसरा देणारा असल्याशिवाय लपणं शक्यच नव्हतं' असा सूर दिसतोय. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या कोरोलिव्का गावच्या श्टेर्मर या ज्यू कुटुंबाने स्वतःच वाट काढली. एस्तर श्टेर्मर या खमक्या बाईने नाझींच्या हुकुमाप्रमाणे घेट्टोत (ज्यूंना कोंडून ठेवायच्या वस्तीत) जायला साफ नकार दिला आणि १९४२ च्या ऑक्टोबरात मुलाबाळांसकट, इतर काही कुटुंबांबरोबर गुहा गाठली. तिथे छापा पडल्यावर १९४३ च्या मे महिन्यात दुसरी गुहा. हिच्यात शिरायचं म्हणजे शेतातल्या खड्ड्यात उतरून चिखलातून सरपटत जायचं.

आत पिण्याचं पाणी होतं, ही मोठीच सोय. बाकी धान्य, सरपण, रॉकेल पुरुषांनी रात्री बाहेर पडून, जिवावर उदार होऊन आणायचं. दळायला आत जातं होतं! दिवा फक्त कामापुरता, उरलेला वेळ मिट्ट काळोखात झोपून काढायचा. एकदा गावकऱ्यांनी तोंडच माती टाकून बुजवलं, तर यांनी आतून खणून नवी वाट केली.

मदत अजिबात नव्हती असं नाही म्हणा. जर्मन गेल्याची चिठ्ठी ओळखीच्याच एका माणसाने बाटलीत घालून खाली टाकली होती. एप्रिल १९४४ मध्ये ३८ जण जिवंत बाहेर आले. त्यातल्या बायका-मुलांनी सलग ३४४ दिवस ऊन पाहिलं नव्हतं. श्टेर्मर मंडळी पुढे कॅनडात स्थायिक झाली.