दोन मॅचच्या मधात पोट्ट्यांनी खावं काय : पावडरचा डबा की वरण-भात?

लेफ्ट बॅक, दारव्हा
काल इथं एकानं लिहिलं की आपल्या गावातले पोट्टे फुटबॉल स्पर्धेत दुसऱ्या मॅचले ढेपाळतात, कारण त्यांच्याजवळ ना व्हे प्रोटीन (दुधापासून काढलेली प्रोटीनची पावडर), ना आईस बाथ (बर्फाच्या पाण्यात बसणं). आयोजकांनी वर्गणीतून डबे आणावे म्हणे. वाचून डोकं सणकलं, म्हणून लांब लिहितो.

बावा, आपल्याकडं पहिली मॅच सकाळी नऊला. जिंकले तर दुसरी दुपारी तीनला. मधात पोट्टे खातात काय? तर्री-पोहा, चहा अन् तंबाखू-सुपारीचा खर्रा. मग तीनला पाय उचलत नाही. तिथं प्रोटीनचा काय संबंध? पायातलं ग्लायकोजन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, संपलेलं असते. मॅच लगेच असली तर पहिले चार तास, दर तासाला वजनाच्या किलोमागं एक ग्रॅम कर्बोदकं पाहिजे. साठ किलोचा पोट्टा म्हणजे तासाला ६० ग्रॅम. दोन केळी अन् गुळाचा खडा, झाला हिशेब. नंतर भात अन् पातळ वरण. तर्री नकोच, तेलकट लवकर पचत नाही. मॅचच्या आधी अन् नंतर वजन करा, किलो घटलं तर दीड लिटर पाणी, मीठ टाकून, थोडंथोडं. डबे वाटणाऱ्यानं आधी मैदानावर पाण्याचा ड्रम ठेवावा.

अन् आईस बाथ! पाणी १० ते १५ अंश लागते. आपल्या विहिरीचं पाणी असते का तेवढं थंड? बर्फाच्या लाद्या घ्यायला पैसे असतील तर पोट्ट्यांना गाद्या द्या. शाळेच्या फरशीवर सतरंजी, बाजूला बारापर्यंत डीजे. झोपच नाही तं कायची रिकव्हरी?

फिजिओ, अमरावती
त्या पोस्टचा सूर मलाही आवडला नाही, पण रागाच्या भरात तुम्ही प्रोटीनच उडवून लावलंत. एका दिवसाच्या दोन मॅचपुरतं तुमचं बरोबर. स्पर्धा आठवडाभर चालते तेव्हा काय? खेळाडूला रोज किलोमागे १.६ ग्रॅम तरी प्रोटीन हवं, म्हणजे साठ किलोला ९६. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम निघतं. माझ्याकडे मांडी धरून येणारी मुलं दोन वेळा भात-वरण खातात आणि ‘पोटभर जेवतो’ म्हणून सांगतात. पोट भरतं हो, स्नायू भरून निघत नाहीत.

लेफ्ट बॅक, दारव्हा
म्हणजे डबा घ्या, असंच ना ताई? दोन-अडीच हजाराचा? माझ्या भाच्यानं उसने पैसे घेऊन आणला होता. महिनाभर घोटला, अन् सेमीफायनलले हाफ टाइममध्येच पेटके. उपाशीपोटी खेळत होता, कारण ‘डबा पेलो ना मामा’.

फिजिओ, अमरावती
डबा घ्या असं मी कुठे लिहिलं? वाचा तरी. ५० ग्रॅम फुटाण्यांत दहा, तेवढ्याच शेंगदाण्यांत बारा, अर्धा लिटर दुधात सोळा, ५० ग्रॅम सोया वडीत पंचवीसच्या वर. उरलेलं भाकरी-वरणातून येतं. एकदम नको, दिवसभरात विभागून. झोपायच्या आधीचा दुधाचा ग्लास तर सोडूच नका. आणि तुमच्या भाच्याचा उपास हा डब्याचा दोष कसा?

जुना गोलकीपर, पुसद
आमच्या काळी शिळी भाकर, चटणी अन् कांदा. अनवाणी खेळलो. कोणाले पेटके येत नव्हते.

लेफ्ट बॅक, दारव्हा
काका, तुम्ही गोलकीपर होते. तुम्हाले कायचे पेटके येतेत?

पाच एकर, आर्णी
प्रोटीन प्रोटीन काय लावलं सकाळपासून? आपण राहतो सोयाबीनच्या पट्ट्यात. शंभर ग्रॅममागं ३६ ग्रॅम प्रोटीन. तेल काढतेत, पेंड जाते कोंबड्याईले, अन् आपले पोट्टे डबा मागतेत. अन् भाव? २०२४-२५ ले हमीभाव होता क्विंटलमागं ४,८९२ रुपये. मले भेटला का? दिवाळीले पैसे पाहिजे होते. सरकारी खरेदी केंद्रावर मशीन लावली, ओलावा १२ टक्क्याच्या वर निघाला, माल वापस. व्यापाऱ्याले देल्लं, तो म्हणन तो भाव. मंग नोव्हेंबरात सरकार म्हणते, १५ टक्क्यालोक चालते. तवा घरात पोतं कुठं होतं?

अडतवाला, वाशीम
भाऊ, ओलं पोतं आणलं तर पाण्याचे पैसे कोण देईल? वाळवून आणा. दरवेळी व्यापारीच चोर.

पाच एकर, आर्णी
वाळवाले जागा तुमच्या गोदामात देता का? सोंगणीच्या टायमाले पाऊस येते, ते मी आणतो का? तुमच्या काट्यावर पोत्यामागं किती जाते, ते सांगू का इथं?

अडतवाला, वाशीम
सांगा की. २०२५-२६ ले तं ५,३२८ झाला होता, तरी रडणं चालूच. तेलाच्या अन् पेंडीच्या बाजारावर भाव ठरते, तो काय मी ठरवतो?

पाच एकर, आर्णी
कागदावर ५,३२८. कागदाची भाजी होते का? खताचा भाव मात्र कागदावर राहात नाही, तो खिशातूनच जाते.

लेफ्ट बॅक, दारव्हा
अरे फुटबॉलचा धागा आहे हा! बाजार समितीत जाऊन भांडा.

पाच एकर, आर्णी
बापाच्या मालाले भाव नसंन तं पोट्ट्याले केळी कोण घेऊन देईन? तुह्या धाग्यातच बसते हे.

फिजिओ, अमरावती
यांचा मुद्दा अगदीच बाहेरचा नाही. फक्त कोणी आता घरचं कच्चं सोयाबीन भरडून पोरांना देऊ नका. कच्च्यात प्रोटीन पचू न देणारे घटक असतात. भिजवून चांगलं उकडायचं.

मुलींची टीम, चामोर्शी
सगळे पोट्ट्यांचंच बोलून राहिले. माझ्या मुली दुसऱ्या मॅचला धापा टाकतात त्याचं पहिलं कारण रक्त कमी. तपासणीत अर्ध्याहून जास्त जणींचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली निघालं, मुलींना बारा तरी पाहिजे. तिथं केळी काय करतील अन् डबा काय करेल? जेवल्याबरोबर चहा प्यायची सवय तोडायलाच माझा जीव गेला, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. आता जेवणासोबत लिंबू नाहीतर संत्रं, हिरवी भाजी, अन् दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या. एका आयोजकानं मुलींना तोंडावर सांगितलं, ‘जेवण पहिले मुलांचं होऊ द्या.’ तिची मॅच तासाभरात, अन् ती रांगेत उभी. रिकव्हरीचे धडे त्याला द्या आधी.

लेफ्ट बॅक, दारव्हा
हे मात्र खरं. शंकरपटाच्या बैलाले धावल्यावर चोळतेत, सावलीत बांधतेत, ढेप चारतेत, अन् पोरीले रांगेत उभं करतेत.

जुना गोलकीपर, पुसद
आमच्या काळी पोरी खेळतच नव्हत्या.

मुलींची टीम, चामोर्शी
माहीत आहे काका. म्हणूनच तुमचा काळ चांगला होता ना?

ज्याची पोस्ट होती तो
सकाळपासून शिव्या खाऊन राहिलो. ठीक आहे, डबा रद्द. तुम्ही सगळे विद्वान, मीच बावळट. पण एक सांगा, गूळ-केळी, पाण्याचा ड्रम, गाद्या यालेही वर्गणीच लागते ना? मी वर्गणीच मागत होतो. अन् खर्र्यावर कोणी बोललं नाही, कारण अर्धे लोक इथं खर्रा तोंडात धरूनच टाइप करून राहिले.

लेफ्ट बॅक, दारव्हा
वर्गणीचं मान्य. खर्र्याचं माझ्यावर घेऊ नको, मी सोडला. ज्याले सुटत नाही त्यानं पंच व्हावं.

स्ट्रायकर, वणी
दादा, ताई, उद्या सकाळी सेमी आहे आमची. आज रात्री आयोजकांकडून मटन. खाऊ का नको?

फिजिओ, अमरावती
खा, पण लवकर जेव. भात जास्त, मटनाचे पीस चार, रश्श्यावरची तर्री बाजूला काढ. सोबत कोणी मोहाची काढली तर उठून ये. दारूनं झोपही मोडते आणि स्नायूही भरून येत नाहीत. सकाळी मॅचच्या तीन तास आधी पोहे, तेल कमी, आणि केळं.

लेफ्ट बॅक, दारव्हा
पोहे मीही सांगणार होतो. ताईनं आधी सांगितलं, ठीक आहे. सेमी कितीला आहे बे? अन् समोर कोण?