मदत हवी आहे : इंग्रजीतल्या पूर्णकाळांचा सराव कसा घ्यावा?

नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या एका गावात मी संध्याकाळी मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. बहुतेक मुलं मराठी माध्यमाची, एसएसएलसीला (कर्नाटकातल्या दहावीला) बसणारी. हॅव, हॅड, विल हॅव आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप, हे सगळं पाठ आहे. रिकाम्या जागाही बरोबर भरतात, कारण वाक्यात 'सिन्स' किंवा 'बिफोर' दिसलं की उत्तर कळतंच. पण स्वतःच्या मनाने चार ओळी लिहायला सांगितल्या की गोंधळ.

घोडं कुठे पेंड खातं ते मला दिसतंय. 'मी काल बेळगावला गेलो होतो' असं आपण सहज म्हणतो. त्यात 'होतो' असला तरी आधी काय, नंतर काय असा हिशेब नसतो. कन्नडमध्येही 'निन्ने होगिद्दे' चालतं, त्यामुळे तिकडूनही आधार नाही. मग मुलं लिहितात, 'आय हॅड गॉन टू बेळगाव येस्टर्डे'. इथे साधं 'वेंट' हवं. भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधीचं सांगायचं असेल, तरच 'हॅड'. उलट 'आम्ही पाच वर्षं इथे राहतो' याला आपल्याकडे वर्तमानकाळ पुरतो, तर इंग्रजीत 'वी हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणावं लागतं.

मला रिकाम्या जागांची आणखी एक वही नको आहे. दोन्ही वाक्यं व्याकरणाने बरोबर, पण अर्थ वेगळा, अशा जोड्या हव्यात. 'व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस लेफ्ट' म्हणजे आम्ही पोचलो आणि बस सुटली. 'द बस हॅड लेफ्ट' म्हणजे ती आधीच गेलेली. अशा वेळी मुलांना खरोखर विचार करावा लागतो. पास्टच्या अशा जोड्या जमतात, पण फ्यूचर परफेक्टचं काहीच सुचत नाही. कुणी शिकवलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद :
ताई, मी निपाणीकडे शिकवतो. मुलांना घरातल्या सकाळचं वेळापत्रक लिहायला सांगा. सहाला म्हशीची धार, सातला डेअरीत दूध, आठला शाळेची बस. मग साडेसातवर बोट ठेवून विचारा, तोवर काय झालेलं असेल? उद्याचे साडेसात धरले तर 'बाय हाफ पास्ट सेव्हन, शी विल हॅव मिल्क्ड द बफेलो'. कालचे धरले तर 'हॅड मिल्क्ड'. आत्ता साडेसात वाजलेत असं धरलं तर 'हॅज मिल्क्ड'. कागद तोच, धारही तीच, आपण कुठल्या साडेसातला उभे आहोत तेवढं बदलतं. माझ्या वर्गात तिन्ही काळ एकत्र घेतल्यावरच मुलांना फरक कळला.

एक सांभाळा. 'हॅज मिल्क्ड' लिहिलं की मुलं हटकून पुढे 'ॲट सिक्स' जोडतात. होऊन गेलेली नेमकी वेळ सांगायची तर 'शी मिल्क्ड द बफेलो ॲट सिक्स' एवढंच. हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवा.