जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं का? घरात वाद चाललाय

सुकटवेडी:
दोन दिवस झाले घरात वाद चाललाय, कोणीतरी मिटवा. नवरा साताऱ्याचा, त्याचं म्हणणं जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं, तुम्ही लोक पिल्लंसुद्धा सोडत नाही. मी अर्नाळ्याची, आमच्याकडे जवळा तो जवळा आणि कोळंबी ती कोळंबी, पण वेगळा का विचारलं तर मला सांगता येईना. नेटवर बघितलं तर तिथे कोणी त्याला क्रिल म्हणतंय. नक्की काय आहे?

खाडीकाठ:
क्रिलच तो, अंटार्क्टिकात देवमासे खातात ते. आपल्याकडे बारीक मिळतं एवढंच.

जुना_झूलॉजीवाला:
क्रिल नाही हो. क्रिलचे कल्ले पायांच्या बुडाशी बाहेर लोंबत असतात, जवळ्याचे कवचाखाली झाकलेले. आणि पिल्लंही नाहीत. ॲसेटिस इंडिकस ही वेगळी जात आहे, १८३० सालीच तिला हे नाव मिळालंय, पूर्ण वाढलेली मादी ४ सेंमीच्या आसपास, अंडी घालते, सगळा संसार एवढ्यातच. खूण सांगतो, कोळंबीसारखं दिसायला लागलेलं पिल्लू कितीही बारीक असलं तरी चालायचे पाय पाच जोड्या. जवळ्याला तीनच, मागच्या दोन जोड्या उत्क्रांतीत गेल्या. म्हणजे गणाचं नाव दशपाद आणि पाय सहा, आम्हाला तोंडी परीक्षेत हाच प्रश्न टाकायचे आणि निम्मी पोरं तिथेच आडवी.
नवऱ्याला एवढं मात्र द्या की जवळा कोळंबीच्याच शाखेतला आहे. चुलत भाऊ म्हणा, पिल्लू नाही.

सातपाटीवाला:
डोलीच्या जाळ्यात खरी पिल्लं पण येतात बरं का जवळ्याबरोबर, त्यामुळे नवरा अगदीच चुकीचा नाही. ताजा जवळा बघा, शेपटीच्या पंख्यावर लाल ठिपके असतात, वाळला की नीट दिसत नाहीत. आणि आमच्याकडे त्यात अंबाड पण येते, कोळंबीसारखीच दिसणारी, ती लांब सोंडेची, तिच्या पोटाखाली अंडी चिकटलेली असतात. जवळ्याच्या पोटाखाली अंडी मी अख्ख्या जन्मात बघितली नाहीत. ते का?

जुना_झूलॉजीवाला:
वा, सगळी गोम तिथेच आहे. जवळा आणि कोळंबी अंडी पाण्यात सोडून देतात. अंबाड ती पोटाखालच्या पायांना धरून ठेवते, आणि अंडीवाली चिंबोरी बघितली असेल ना, झापेखाली गच्च धरून बसते, शेवंड पण तशीच. तर हिशोब असा की अंबाड दिसायला कोळंबीसारखी, पण नात्याने चिंबोरीला जास्त जवळची!
पूर्वी हे असं नव्हतं. १८८० च्या सुमारास बोआस नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने सरळ दोन ढीग केले, पोहणारे एकीकडे आणि चालणारे एकीकडे. कोळंबी, जवळा, अंबाड सगळे पोहणाऱ्यांत. दिसायला सोयीचं, पण पोहण्यासाठी लांबट चपटं अंग ही मुळातली जुनीच ठेवण, ती कोणाकडेही उरू शकते, तेवढ्यावरून सख्खं नातं ठरत नाही. पुढे १९६३ ला बर्कनरोडने ढीग मोडून नवीन मांडले, एकीकडे झाडासारखे फांद्याफांद्यांचे कल्लेवाले (कोळंबी, जवळा) आणि दुसरीकडे अंडी सांभाळणारे बाकी सगळे. २०१९ मध्ये शेकडो जीन ताडून बघितले तेव्हाही ही मुख्य वाटणी टिकली.

खाडीकाठ:
बरं बाबा क्रिल मागे घेतो. पण मग अंडी सोडणारे दोघे सारखे म्हणून एकत्र, असं का नाही म्हणायचं? कल्ले कशाला मध्ये आणायचे?

जुना_झूलॉजीवाला:
कारण अंडी सोडणं पण जुनंच आहे, क्रिलच्या बऱ्याच जातीसुद्धा सोडतात. म्हणजे त्या एका गोष्टीवर गेलो तर तुमचा क्रिल परत घरात येईल. नातं लावायला नवा बदल लागतो, एकाच घरात झालेला. तो म्हणजे हे फांद्यांचे कल्ले. अंडी पोटाखाली धरणं हा तसाच दुसऱ्या घरातला नवा बदल.
कोळंबीचं अंडं फुटलं की पहिलं बाहेर येतं ते नॉप्लियस, तीन जोड्या अवयव आणि एक डोळा, कोळंबीशी काडीचं साम्य नाही. खडपाला चिकटून बसणाऱ्या बार्नकलचं पिल्लू पण असंच. ब्राझीलच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या फ्रिट्झ म्युलरला १८६० च्या दशकात कोळंबीवर्गातल्या प्राण्याचं नॉप्लियस सापडलं आणि त्याने ते थेट डार्विनच्या बाजूचा पुरावा म्हणून मांडलं. अंबाडीत ही पायरी अंड्यातच उरकते.

मुंबैकरीण:
एवढ्या मऊ प्राण्याचे जीवाश्म मिळतात?

जुना_झूलॉजीवाला:
क्वचित. अमेरिकेत ओक्लाहोमात एक मिळालाय, साधारण ३६ कोटी वर्षांचा, २०१० मध्ये त्याची नोंद छापली. पोटाचे स्नायूसुद्धा दगडात उमटलेत. बाकी डिएनएवरच भिस्त.
घरी बघायची खूण हवी तर पोटाचे कप्पे बाजूने बघा. जवळा-कोळंबीत प्रत्येक कप्प्याची कड मागच्यावर चढलेली, घराच्या कौलांसारखी. अंबाडीत दुसऱ्या कप्प्याची रुंद कड पुढच्या आणि मागच्या, दोघांवर चढलेली. भिंग असेल तर उत्तम.

सुकटवेडी:
बसलो काल रात्री दोघं, पेपरवर पाव किलो सुका जवळा पसरला, मुलीचं भिंग घेतलं. पाय बहुतेकांचे मोडलेलेच होते म्हणून तीन जोड्यांवर निकाल लागेना, पण कप्पे दिसतात. कौलवाले ढिगाने, मधल्या रुंद कडेच्या अकरा अंबाडी आणि एक अंगठ्याएवढं बोंबलाचं पिल्लू. नवरा ते बोंबलाचं पिल्लू हातात धरून म्हणतो, बघ पिल्लं निघाली की नाही. आता तो ढीग तसाच पेपरवर आहे आणि चटणी कोणी करायची यावर वाद सुरू.

सातपाटीवाला:
अंबाडी वेगळ्या ठेवा, त्यांच्या सोंडा चटणीत टोचतात.