खुबा बदलायचाय: पुण्याचं मोठं नाव की मिरजेतला नेहमीचा डॉक्टर?

कृष्णाकाठ
मेहुण्याच्या दोन्ही खुब्यांना एव्हीएन आहे, म्हणजे रक्त न पोचल्याने खुब्याच्या सांध्यातला हाडाचा गोळा (बॉल) मरत जातो. वय 42. करोनात स्टिरॉइडचा मोठा कोर्स झाला होता, त्यातून बॉलचा रक्तपुरवठा गेला असावा असं डॉक्टरांचं म्हणणं. उजवा बॉल चेपलाय, तो बदलावाच लागेल यावर दोन ऑर्थोंचं एकमत आहे. भांडण आहे ते सर्जनवरून. बहिणीच्या सासरचे म्हणतात, पुण्यातल्या सगळ्यात मोठ्या नावाकडेच जायचं, पैसे लागू देत. मी म्हणतो, मिरजेत करा.

1894 मध्ये वानलेस साहेबांनी दवाखाना काढला तेव्हापासून अर्धा उत्तर कर्नाटक ऑपरेशनला मिरजेत येतो, आणि आम्ही इथून उठून पुण्याला पळायचं? मोठ्या नावाच्या ओपीडीत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. असिस्टंट हिस्टरी घेतो, साहेब एक्स-रे उजेडाला धरतात, 'करून टाकू' म्हणतात, की पुढचा पेशंट. ऑपरेशनात त्यांचा हात किती आणि शिकाऊ डॉक्टरचा किती, विचारायची सोय नाही. टाक्यांतून पाणी यायला लागलं की रात्री साडेअकराला फोन कोण उचलणार? आधुनिक खुबाही काही लंडनमध्ये जन्माला आला नाही. जॉन चार्नलेंनी 1962 मध्ये तो बसवला तो लँकेशायरमधल्या रायटिंग्टनला, टीबीच्या जुन्या इस्पितळात.

पर्वतीची_पायरी
चार्नलेंचं उदाहरण तुमच्याच अंगाशी येतंय. त्या माणसाने बाकीचं बहुतेक ऑर्थो सोडून खुब्याला वाहून घेतलं. जंतुसंसर्ग कमी व्हावा म्हणून स्वच्छ हवेची वेगळी ऑपरेशनची खोली बनवून घेतली. सुरुवातीला तर त्यांच्याकडे येऊन शिकल्याशिवाय सर्जनला तो सांधा विकतच मिळत नसे. म्हणजे जागा आडगावची असेल, पण काम एकाच गोष्टीचं आणि रोजचं.

2014 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात कॅनडातल्या ओंटारिओचा अभ्यास आला होता. वर्षाला 35 पेक्षा कमी खुबे करणाऱ्या सर्जनांकडे सांधा निखळण्याचं आणि रिव्हिजनचं, म्हणजे बसवलेला खुबा पुन्हा बदलण्याचं, प्रमाण जास्त निघालं. आता तुमच्या सर्जनना विचारा, गेल्या वर्षी खुबे किती केले? 'जॉइंट रिप्लेसमेंट' किती केली असं विचारू नका. आपल्याकडे गुडघ्यांची रांग मोठी, खुब्यांची लहान. पाटीवर हजारो ऑपरेशनं लिहिलेली असतात, त्यात नव्वद टक्के गुडघे असले तरी पाटी खोटी ठरत नाही.

आणि 42 वय. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 2019 ला आलेल्या हिशेबात 25 वर्षं टिकलेले खुबे सुमारे 58 टक्के होते, तेही बहुतांशी म्हाताऱ्या पेशंटांचे. तुमचा मेहुणा चालणार, कामाला जाणार. त्याला आयुष्यात एक रिव्हिजन लागेल असं धरूनच चला. रिव्हिजन करणारा माणूस पहिल्या ऑपरेशनलाच पुढच्या वेळेसाठी हाड वाचवून काम करतो.

कृष्णाकाठ
35 म्हणजे महिन्याला तीन. तेवढे मिरजेत करणारे आहेत की! तुम्ही आकडा पुण्याच्या बाजूने दिला, पण तो पुण्याचा नाही.

पर्वतीची_पायरी
'आहेत की' नको. विचारून सांगा.

ओटीतली_ताई
मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर आहे. दोघंही ज्यावर बोलला नाहीत ते सांगते. आमच्याकडे बऱ्याचदा तिसराच प्रकार होतो: व्हिजिटिंग सर्जन. रविवारी सकाळी गाडी येते, दोन-तीन केसेस होतात, संध्याकाळी गाडी परत. घरचे खूश, की पुण्याचे डॉक्टर आले आणि खर्च गावातला! तो माणूस ओटीत उत्तमच असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण बुधवारी पेशंटला थंडी वाजून ताप आला की आमचे इथले डॉक्टर त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर जखमेचा फोटो पाठवतात. मला विचाराल तर हा सगळ्यात वाईट पर्याय.

दादा, तुम्ही हात-हात म्हणताय. आम्हाला चांगला हात त्याच्या आधीच कळतो. एक सर्जन आदल्या दिवशी एक्स-रेवर मापं टाकतात: कृत्रिम सांध्याची वाटी कितीची, मांडीच्या हाडात बसणारा दांडा कितीचा, पाय किती लांब होईल. मग कंपनीचा माणूस सेट घेऊन आला की त्या साइझच्या एक वर आणि एक खाली पेट्या आहेत का ते स्वतः बघतात, नसेल तर केस पुढे ढकलतात. दुसरे एक ओटीतच ठरवतात. एकदा त्यांना हवी ती वाटी सेटमध्ये नव्हती, पेशंट भुलीखाली आणि कंपनीचा माणूस फोनवर. तेव्हा घरच्यांनी विचारावं, 'मापं कधी काढणार? आम्हाला दाखवाल का?' चांगला डॉक्टर रागावत नाही.

आणि डिस्चार्जला इम्प्लांटचे स्टिकर मागून घ्या. प्रत्येक भागाच्या पेटीत असतात, त्यावर कंपनी, साइझ, लॉट नंबर. आम्ही ते केसपेपरवर चिकटवतो. तो केसपेपर दहा वर्षांनी दवाखान्यात सापडेलच असं नाही. फाइलमध्ये एक जोड घरी असू द्या.

हायवेकर
सगळं सोडा, रोबोट आहे का बघा. आमच्या साडूचं रोबोटिक झालं, चौथ्या दिवशी जिना चढला. 2026 मध्ये हाताने करून घेणं म्हणजे लँडलाइन वापरणं.

ओटीतली_ताई
साध्या पद्धतीचेही पेशंट चौथ्या दिवशी जिना चढतात हो. रोबोट माप अचूक ठेवायला मदत करतो, पण स्नायू कुठून बाजूला करायचे आणि रक्त कसं थांबवायचं ते माणूसच बघतो.

लीड्सकर
इथे इंग्लंडमध्ये नॅशनल जॉइंट रजिस्ट्रीवर, म्हणजे बदललेल्या सांध्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीवर, सर्जनचं नाव टाकलं की त्याने किती खुबे केले ते दिसतं. अर्थात ते बघून झाल्यावर एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) रांगेत महिनोन्‌महिने लंगडायचं, तो भाग वेगळा.

पण मोठ्या नावावर मी विश्वास ठेवत नाही, त्याचं कारण एएसआर. डेप्यू कंपनीचा धातूवर धातू घासणारा खुबा, ऑगस्ट 2010 मध्ये कंपनीला जगभरातून परत बोलवावा लागला. कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरत होतं. तो बसवणाऱ्यांत भलेभले नामांकित सर्जन होते. भारतातही हजारो लोकांच्या अंगात तो होता आणि पुढे कित्येक पेशंट सापडलेच नाहीत, कारण नोंदच धड नव्हती. धोक्याची घंटा आधी वाजवली ती ऑस्ट्रेलियाच्या रजिस्ट्रीने, कोण्या एका दिग्गज डॉक्टरने नाही. ताईंचा स्टिकर म्हणूनच लाखमोलाचा. आपल्याकडे हिप-नी सर्जनांच्या संघटनेची रजिस्ट्री आहे, पण नोंद ऐच्छिक. सर्जनना विचारा, तुम्ही नोंद करता का? जो करतो तो निदान मोजतो तरी.

नाना_अकलूज
तुमचं चाललंय ते ठरवून करायच्या ऑपरेशनचं. हे वाचून उद्या कुणी मोरीत पडून खुबा मोडलेल्या आजीला पुण्याला न्यायला निघेल, म्हणून लिहितो. मोडलेल्या खुब्याला सर्जन शोधत बसायचं नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या आत ऑपरेशन व्हायला हवं, नाहीतर म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं, छाती भरते, पाठीला जखमा होतात. जवळचा बरा ऑर्थो, बरा भूलतज्ज्ञ आणि आयसीयू, बास. आमच्याकडे एका घरात मुंबईचा मुलगा येईपर्यंत आणि तो 'टॉप डॉक्टर' ठरवेपर्यंत आठवडा गेला. पुढचं सांगत नाही.

पर्वतीची_पायरी
नाना, शंभर टक्के. पण मेहुण्याची केस ती नाही. त्याला वेळ आहे, म्हणूनच शोधा म्हणतोय.

कृष्णाकाठ, तुम्ही डाव्या खुब्याबद्दल काहीच लिहिलं नाही. तिकडचा बॉल अजून गोल आहे का? असेल तर कोअर डीकम्प्रेशन, म्हणजे हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करणं, हा पर्याय असतो. तो नेहमी यशस्वी होतो असं नाही, पण बॉल चेपल्यावर त्याचा उपयोग नाही. जो सर्जन फक्त बदलायचं काम करतो तो 'दोन्ही एकदम बदलून टाकू' म्हणण्याची शक्यता जास्त. हे मी तुमच्या मिरजेबद्दल म्हणत नाही, पुण्यातही तेच. उलट पुण्यात पॅकेजसकट.

कृष्णाकाठ
डावा गोल आहे म्हणाले. हा प्रश्न मात्र कुणी काढला नव्हता, विचारतो.

तरी माझं मत तेच. वाजपेयींच्या गुडघ्यांसाठी न्यूयॉर्कहून डॉ. रानावत मुंबईला ब्रीच कँडीत आले. पंतप्रधानांच्या पाठीशी नंतर बघायला अख्खी फौज होती. मेहुण्याच्या पाठीशी मी आणि माझी मोटरसायकल. ड्रेसिंगला, फिजिओला, एक्स-रेला दर वेळी पुण्याला गाडी करायची, नव्या खुब्याने चार तास सीटवर बसवायचं आणि वर पुण्यात भावकीकडे मुक्काम! 'सगळ्यात मोठा' म्हणणारे त्या दिवशी येणार आहेत का सोबत? आणि बाकी कुणी नाही, मेहुणा स्वतः मिरजच म्हणतोय. त्याला मांडी घालून जेवता येईल का एवढीच चिंता.

ओटीतली_ताई
मांडीचं ऑपरेशनआधीच बोला. कुठल्या बाजूने उघडणार, बॉल केवढा घालणार, यावर नंतरची पथ्यं ठरतात. मागून उघडलं तर सुरुवातीला खाली वाकणं, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं बंद. कमोड आणि उंच खुर्ची घरी आणून ठेवा, मग ॲडमिट व्हा.

कृष्णाकाठ
गुरुवारी मिरजेतल्या सर्जनची वेळ घेतली आहे. खुबे किती, मापं कधी, डाव्याचं काय, नोंद करता का, चारही विचारतो. पुण्याला फक्त सेकंड ओपिनियन.

पर्वतीची_पायरी
सेकंड ओपिनियन ऑपरेशनची तारीख घेण्याआधी. नंतर घेतलं तर ते फक्त सासरच्यांच्या समाधानासाठी. एमआरआयचा कागद नको, सीडी न्या, आणि पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते आधी सांगू नका.

हायवेकर
रोबोटचं विचारा तेवढं.