मदत हवी आहे : कर्नाटकातल्या भद्रावतीच्या लोखंड कारखान्याच्या वसाहतीत कुणी राहिलंय का?

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या दांडिया बाजारातलं घर आवरताना आजोबांच्या ट्रंकेत एक पितळी बिल्ला सापडला. नंबर इतका खोल ठोकलाय की डोळे मिटूनही बोटाने वाचता येतो. आजोबा इथल्या कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकले आणि फिटर म्हणून थेट भद्रावतीला गेले.

म्हैसूर संस्थानाने १९२३ साली सुरू केलेला हा कारखाना. दगडी कोळसा जवळपास नाही, म्हणून मलनाडच्या जंगलातल्या लाकडाच्या लोणारी कोळशावर भट्टी चालायची. खनिज केम्मणगुंडीच्या डोंगरातून यायचं. पुढे विजेच्या भट्ट्या आल्या. एवढं पुस्तकांत मिळतं, पण माणसं कुठेच भेटत नाहीत, आणि मला तीच हवी आहेत.

क्वार्टर हुद्द्यावर मिळायची का? लाकूड तोडणारे, कोळसा पाडणारे मजूर कुठले? कोळसा बंद झाल्यावर त्यांचं काय झालं? हा शेवटचा प्रश्न मला फार छळतो.

आजी सांगायची, पगाराच्या दिवशी उधारीच्या वह्या घेऊन दुकानदार गेटवर उभे असायचे. हे आणखी कुणाच्या घरी ऐकलंय का? बडोद्यात कुठेही भेटायला येईन. घरातल्या वडीलधाऱ्यांना कृपया आजच विचारा.