मदत हवी आहे : सत्र परीक्षा तोंडावर आली, मुलीची वजाबाकी अजून चुकते

पऱ्हाटी : माझ्या मुलीला बेरीज उत्तम येते, पाढे येतात, तरी वजाबाकीची जवळजवळ निम्मी उदाहरणे चुकतात. दिवाळीपूर्वीचे संकलित मूल्यमापन जवळ आले आहे. शाळेत दोन शिक्षकांकडे चार वर्ग असल्याने त्यांना एकेका मुलाकडे बसणे शक्य होत नाही. कृपया नेमका उपाय सांगावा. ‘सराव घ्या’ हे उत्तर नको, कारण सराव रोज चालू आहे.

वर्धाकाठ : ताई, मुलगी कोणत्या वर्गात आहे आणि चुकलेले उदाहरण तिने कसे सोडवले, हे कळल्याशिवाय सांगणे म्हणजे निव्वळ अंदाज होईल.

निवृत्त गुरुजी : ही पाठांतराची उणीव आहे. आमच्या वेळी तीसपर्यंत पाढे, पावकी आणि निमकी तोंडपाठ असे, म्हणून मुले हिशेबात अडत नसत. रोज दिवेलागणीला पाढे म्हणून घ्यावेत.

पऱ्हाटी : गुरुजी, पाढे येतात हे वर लिहिलेच आहे. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. वहीत ४८ − २३ चे उत्तर २५ आहे, पण ५२ − २७ चे उत्तर ३५ लिहिले आहे.

वर्धाकाठ : म्हणजे सराव कमी पडलेला नाही, समजूत चुकली आहे. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ती ७ मधून २ वजा करून ५ लिहिते. हातचा लागत नाही तिथे या रीतीनेही उत्तर बरोबर येते, त्यामुळे आपले काही चुकते आहे हे तिला जाणवतच नाही, आणि अशा सरावाने तीच चूक पक्की होते. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाच्या उद्दिष्टांप्रमाणे ९९ पर्यंतची वजाबाकी दुसरीच्या अखेरीस यायला हवी, तेव्हा आधी हे मागचे काम पूर्ण करावे. तुराटीच्या काड्या कापून दहा-दहाचे गठ्ठे बांधा. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून त्यांतून सत्तावीस काढायला सांगा. सुट्या सात मिळत नाहीत म्हणून तिला एक गठ्ठा सोडावाच लागेल, आणि चार गठ्ठे व बारा सुट्या होतील. त्याच क्षणी पाटीवर ५ खोडून ४ आणि २ च्या जागी १२ लिहायला लावा.

पैनगंगा : एवढा पसारा कशाला? मी दुकानात पैसे परत देताना पुढे मोजत जातो : २७ वरून ३० पर्यंत ३, तिथून ५० पर्यंत २०, वर २, म्हणजे एकूण २५. हातच्याचा प्रश्नच येत नाही.

वर्धाकाठ : भाऊ, पडताळणीला ही रीत उत्तम आहे, परंतु दशक सुटा केला की त्याचे दहा एकक होतात, ही गोष्ट तिला त्यातून कळणार नाही.

पैनगंगा : उत्तर कसे येते हे कळले की पुरे, असे माझे मत आहे आणि ते कायम आहे.

नागझिरा : बावन्न म्हटल्यावर ती अंक उलटे करून २५ तर लिहीत नाही ना, हेही पाहा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पन्नास दोन’ असे वाचन आले, ते याच अडचणीसाठी होते आणि मला ते योग्य वाटले.

निवृत्त गुरुजी : मला ते मुळीच पटले नव्हते. बाजारात कोणी पन्नास दोन म्हणत नाही.

जुना विद्यार्थी : नवोदयची प्रवेश परीक्षा पाचवीत देता येते, तिचीही तयारी आतापासून करावी.

पऱ्हाटी : नवोदयचे पुढे पाहू. संख्या ती बरोबर लिहिते. काल काड्या घेऊन बसलो आणि गठ्ठा तिने स्वतःच सोडला. आता ३०० − १४६ मध्ये दशकाच्या घरातही शून्य आहे, तिथे काय करावे?

वर्धाकाठ : दहा गठ्ठ्यांचा एक मोठा भारा, असे तीन भारे करा. एक भारा सोडला की दहा गठ्ठे मिळतात, त्यांतला एक सोडला की दहा सुट्या काड्या मिळतात. पाटीवर २ शतक, ९ दशक, १० एकक लिहून घ्या आणि मगच वजाबाकी करू द्या. उत्तर १५४ येईल.