इंग्लंडमधील खेड्यांतली मेथडिस्ट चॅपल: साधेपणा पैशाअभावी की विचारपूर्वक?

जिज्ञासू: इंग्लंडच्या ग्रामीण भागातील जुन्या मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) चॅपलना, म्हणजे प्रार्थनागृहांना, मनोरा नसतो, क्रुसाच्या आकाराचा आराखडाही नसतो, बाहेरून ती एखाद्या ऐसपैस घरासारखीच दिसतात. हा साधेपणा केवळ पैशाअभावी आला, की त्यामागे काही विचार होता? यॉर्कशरमधील हेप्टनस्टॉल गावचे चॅपल अष्टकोनी का आहे, हेही जाणकारांनी सांगावे.

दगडविटा: पैशाची चणचण होतीच, परंतु मूळ कारण उपदेश हे आहे. मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली अखेरपर्यंत अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे, धर्मगुरूच राहिले; त्यांना गावातल्या चर्चला पर्याय उभा करायचा नव्हता, तर लोकांना बसून नीट ऐकता येईल अशी जागा हवी होती. १७५७ साली नॉर्विच शहरातील प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींचे नवे अष्टकोनी सभागृह त्यांच्या फार मनात भरले आणि पुढे, जागा असेल तिथे अष्टकोनच बांधावा, असा त्यांनी आग्रह धरला. यॉर्कशरमधल्याच यार्म गावचे चॅपल १७६३चे, हेप्टनस्टॉलचे १७६४चे. या आकारात कोणताही श्रोता वक्त्यापासून फार लांब पडत नाही.

मोजपट्टी: अष्टकोनाचे कौतुक जरा बेताने करावे, असे मला वाटते. त्याचे छप्पर बांधणे किचकट असते आणि मंडळी वाढली की इमारत वाढवणे त्याहून कठीण. हेप्टनस्टॉललाच १८०२मध्ये एका बाजूने लांबी वाढवावी लागली, त्यामुळे आज तो अष्टकोन ताणल्यासारखा दिसतो. बहुतेक खेड्यांनी शेवटी साधा आयतच पत्करला: रस्त्याकडे त्रिकोणी माथ्याची भिंत, मधोमध दार, दोहो बाजूंना कमानदार खिडक्या आणि वर वर्ष कोरलेली शिळा. आत मात्र उपदेशाचा हिशेब कायम राहिला. व्यासपीठ मध्यभागी आणि इतके उंच, की सज्जात बसलेल्यांनाही उपदेशकाचा चेहरा दिसावा. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस वाटण्याच्या) विधीचे मेज त्याच्या पायथ्याशी, कठड्याच्या आत.

जिज्ञासू: आभारी आहे. मग काही चॅपलना टोकदार गॉथिक खिडक्या कशा?

दगडविटा: तो नंतरचा बदल. १८५०मध्ये मेथडिस्ट धर्मोपदेशक फ्रेडरिक जॉब्सन यांनी आपल्या पुस्तकातून मेथडिस्टांसाठी गॉथिक शैलीची जोरदार शिफारस केली आणि हातात पैसा आलेल्या मंडळींनी ती उचलली. तरीही अशा अनेक चॅपलमध्ये दर्शनी भागच तेवढा बदलला. मधले व्यासपीठ आणि भोवतालचा सज्जा होता तिथेच राहिला.